पांढरी दुपटी

संस्थेच्या टेम्पोतून पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे उतरले. माप लहान, आणि प्रत्येकासोबत त्याच कापडाच्या तीन पट्ट्या. संस्था नगरची, पैसा परदेशातला. माल जाणार होता लढाई चाललेल्या मुलखातल्या छावणीत. घड्या घालून पिशव्यांत भरा, एवढंच ड्रायव्हरने वस्तीवरच्या बायांना सांगितलं.

"लेकरांची दुपटी हायेत," लंकाबाई म्हणाली.

पण कडा सुटलेल्या होत्या. दोरे कोवळ्या अंगाला टोचतील म्हणून बायांनी आपल्या मनानेच कडा दुमडून शिवल्या. दृष्ट लागू नये म्हणून कोपऱ्यात काळा दोरा ओवला.

लंकाबाईच्या सुनेला, पुष्पावतीला, आठवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती. नवरा ऊसतोडीला गेलेला. तिने एक दुपटं छातीशी धरलं.

"आत्या, हे ठेवू का मला?"

"येडे, लेकरू यायच्या आधी नवं कापड घेत न्हाईत. माझं जुनं लुगडं काय उंदरानं खाल्लं?"

"या खेपेला तरी मनासारखं करू द्या."

पुष्पावती ते उशाशी घेऊन झोपू लागली.

माल न्यायला संस्थेची रेश्मा स्वतः आली. तिने एक पिशवी उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"हे शिवलं कशाला?"

"टोचंल की लेकराला," छबूबाई म्हणाली. "मॅडम, तुमचं अजून लगीन न्हाई, तुमाला काय ठावं बाळ गुंडाळायचं!"

बाया हसल्या. रेश्मा हसली नाही.

"तिकडच्या लोकांत शिवलेलं चालत नाही, मावशी. शिलाई उसवावी लागेल."

लंकाबाईने कापड हातात घेतलं. कोरं, पांढरं, बिनशिलाईचं. तीन पट्ट्या. डोक्याशी एक, कमरेशी एक, पायाशी एक.

"मढ्याचं कापड हाय हे," ती म्हणाली.

"एवढ्याशा मापाचं?" छबूबाईने विचारलं.

लंकाबाई घरी आली. पुष्पावती पडून होती.

"दे ते दुपटं."

"का?"

"तिकडं एक कमी पडतंय."

पुष्पावतीने उशाखालून ते काढलं, त्यावरून हात फिरवला. "न्या मग. तिथलं बी कुनाचं तरी लेकरूच हाय."

लंकाबाईने ओट्यावर बसून शिलाई उसवली, काळा दोरा काढला आणि कापड पिशवीत टाकलं. टेम्पोने जाताना नवा माल उतरवला. या वेळी तुकडे नव्हते, अख्खे तागे होते. मापं रेश्माने सांगितली. कात्री लावायची नव्हती, हाताने फाडायचं होतं.

आता घरोघर तेच चाललं होतं. लंकाबाईने ताग्याला दातांनी चीर दिली आणि ओढलं.

आतून पुष्पावतीचा आवाज आला, हसरा.

"आत्या, कापड फाटलं की पोटात दचकतंय बघा हे."

लंकाबाईचे हात थांबले. शेजारच्या ओट्यावर छबूबाई फाडतच होती.