पन्नासांत शून्य

मास्तरांचं नाक तरुणपणी एका लढतीत मोडलं होतं, आणि ते बसवणाऱ्या डॉक्टरला बहुधा घरी जायची घाई होती. तेव्हापासून ते जरा डावीकडे बघायचं आणि जोरात श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची. घरच्यांना तिची इतकी सवय झाली होती की पाहुण्यांनी विचारलं तरच आठवण व्हायची. मास्तरांना स्वतःला तर ती ऐकूच येत नसे.

टायरच्या गोदामावर त्यांचा कराटेचा हॉल होता. खाली रबराचा वास, वर घामाचा. बावीस वर्षं मास्तर तिथे एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागले होते, चपळाईच्या. क्लास संपायच्या आधी ते रोज एकेका विद्यार्थ्यासमोर स्वतः उभे राहायचे आणि पन्नास सरळ ठोसे मारायचे. ठोसा कधी येईल ते सांगायचं नाही. कधी लागोपाठ दोन, कधी दहा आकडे मोजून एक. समोरच्याने अडवायचा, आणि किती लागले ते फळ्यावर लिहायचं. नव्या पोरांपुढे तीस-पस्तीस यायचे, वर्ष-दीड वर्षात ते पाच-सहावर उतरायचे. मास्तरांच्या लेकीपुढे गेली सात वर्षं शून्य होतं. ते शून्य मास्तर असं काही गोल काढायचे की एवढ्या प्रेमाने त्यांनी कधी लग्नपत्रिकेवर नावही लिहिलं नसेल.

आता एवढी चपळ मंडळी बाहेर स्पर्धेला गेली की पहिल्या-दुसऱ्या फेरीत गारद व्हायची, हेही तितकंच खरं. पण मास्तरांकडे कारणांचा तोटा नव्हता. पंच समोरच्यांच्या ओळखीचे होते, मॅट घसरत होती, पोरांची झोप झाली नव्हती. लेक हरली की ती दडपण घेते. विषय संपला.

या वर्षी मात्र विषय संपणार नव्हता. निवड चाचणीत पहिली येणाऱ्या मुलीला दोन वर्षं निवासी केंद्रात ठेवणार होते आणि पुढे तिथेच शिकवायची नोकरी. वयाची अट बावीसच्या आतली, आणि चाचणीनंतर दोनच महिन्यांत लेक बावीसची होणार होती. नाही जमलं तर मावशीने औषधांच्या कारखान्यात पॅकिंगसाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथल्या सरकत्या पट्ट्यासमोर दिवसभर उभं राहून खोकी बंद करायची, बस. या पोरीने सहाव्या वर्षापासून दुसरं काही केलं नव्हतं, दुसरं काही मागितलं नव्हतं. बापाने मागू दिलं नव्हतं, असं म्हणा हवं तर.

चाचणीच्या तीन महिने आधी मास्तरांचा मेहुणा एक पेटी घेऊन आला. तो मोटारी दुरुस्त करायचा, माणूस अबोल, हात सोन्याचे. भाचीसाठी त्याने सुट्टीचे चार दिवस घालवून ती बनवली होती. पेटीवर सहा दिवे, त्यातला कुठलाही कधीही लागणार, त्यावर हात मारायचा, आणि किती वेळ लागला ते पेटी दाखवणार. लेकीने हात मारून पाहिले. आकडा आला तो कुणा शिकाऊ पोरीचा असावा तसा. पुन्हा पाहिलं, तोच. मास्तरांनी फळ्याकडे बोट केलं, शून्याकडे, आणि म्हणाले की पेटीत काहीतरी गडबड आहे, दिव्याला काय कळतंय कराटेतलं. मेहुण्याने पेटी तीनदा तपासली होती. त्या संध्याकाळचे ठोसे त्याने भिंतीशी उभं राहून पाहिले. पेटी माळ्यावर गेली आणि मेहुण्याने हॉलवर येणं सोडलं.

चाचणीच्या दिवशी त्या मोठ्या हॉलमध्ये चार मॅटवर एकदम लढती चालू होत्या. माईकवरून नावं पुकारत होते, बाकांवरून पोरं ओरडत होती, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. समोरची मुलगी थोराड, पायाने जड. तिला बघून मास्तर खुर्चीत मागे रेलून बसले. तिने पहिला ठोसा मारला आणि तो लागला. लेकीचा हात वर आला खरा, पण ठोसा परत गेल्यावर. मग दुसरा. मग तिसरा. लेक जीव तोडून अडवत होती आणि प्रत्येक वेळी उशिरा येत होती. कारण शोधायला मास्तरांनी मॅटकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं. मॅट घसरत नव्हती, पंच सरळ होता. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते; आठ-शून्य झालं तसा त्याने हात वर करून ती थांबवली. तीन मिनिटांची लढत, दीड मिनिटही चालली नाही. लेकीने वाकून नमस्कार केला आणि ती सरळ कपडे बदलायला गेली. बापाकडे तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणा पेटी न्यायला आला. मास्तरांनी ती स्वतः माळ्यावरून उतरवून पुसून दिली. मेहुणा निघाला, दारापर्यंत गेला, आणि परत आला.

"भाऊजी, राग येईल तुम्हाला. मी दिवसभर मोटारींचे आवाज ऐकतो, म्हणून कळलं. ठोसा मारायच्या आधी तुमचं नाक वाजतं."

मास्तर हसले. मग त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. हे मेहुण्याला पेटी आणली त्याच दिवशी कळलं होतं, पण अपमान गिळून तो घरी गेला होता. तेही त्याने खाली बघत सांगितलं. तीन महिने होते तेव्हा हातात. पण मास्तर त्याला कुठल्या तोंडाने बोलणार?

मेहुणा गेल्यावर त्यांनी लेकीला मॅटवर बोलावलं. ती का म्हणून न विचारता समोर उभी राहिली. मास्तरांनी तोंड उघडं ठेवलं, तोंडानेच श्वास घेतला आणि ठोसा सोडला. तो तिच्या हनुवटीपाशी जाऊन थांबला. तिचा हात होता तिथेच होता. दुसरा सोडला. तिसरा. दहा झाले तेव्हा मास्तरांचे हात आपोआप खाली आले. दहाच्या दहा.

"मला माहीत होतं, बाबा," लेक म्हणाली.

ती नववीत असताना मास्तरांना सणसणीत सर्दी झाली होती, नाक पार बंद. त्या आठवड्यात तिला सगळे ठोसे लागले होते, तेव्हा तिला कळलं. पुढे तिने कान तिकडेच लावला आणि फळ्यावर शून्य आलं. तेव्हापासून बापाला सर्दी झाली की लेकीचं डोकं दुखायला लागायचं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"शून्य लिहिताना तुम्ही हसायचात. घरी येऊन आईला सांगायचात, जेवताना परत सांगायचात. मला वाटलं, तेवढं तरी असू दे." ती हाताला गुंडाळलेली पट्टी सोडत होती. "आणि नंतर नंतर मलाच ते खरं वाटायला लागलं."

मास्तरांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. त्यांनी हात उचलला, आणि ती दचकली. सोमवारपासून कामाला ये म्हणून मावशीचा निरोप आला होता. लेकीने पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली आणि ती सकाळच्या पाळीचे कपडे घ्यायला गेली.

सोमवारी संध्याकाळी क्लास भरला. तीस पोरं रांगेत उभी, दाराशी चार-पाच आईबाप. काय करायचं ते मास्तरांनी रविवारभर घोकून ठेवलं होतं. तोंडाने श्वास घ्यायचा, आधी माफी मागायची, मग सगळ्यांना पहिल्यापासून शिकवायचं. ते पुढे आले, बोलायला म्हणून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. सवयीने तो नाकाने घेतला गेला.

तीसच्या तीस हात एकदम वर आले.

दाराशी उभी असलेली एक आई शेजारणीला म्हणाली की काय चपळ पोरं तयार केलीत या माणसाने. तिचा लहानगा रांगेच्या टोकाला उभा होता, आठवडाच झाला होता त्याला येऊन. बाकीच्यांचं बघून त्यानेही हात वर केला होता, आणि बरोबर केलं का म्हणून तो मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता.

मास्तर त्याला शाब्बास म्हणाले. मग त्यांनी फडक्याने फळा पुसला, खडू घेतला, नाकानेच श्वास ओढला आणि ठोशांना सुरुवात केली.