दर्यासुराचं मरण

बोंबील वाळत घातलेल्या वलांडीच्या दोरांवरून कावळे हाकायचे, तोंडाने शेजारणीची चेष्टा करायची आणि हाताने मासळी उलथायची, ही तीन कामं मुरुडजवळच्या त्या कोळीवाड्यातल्या बायका एकाच वेळी करत. त्या सकाळी मात्र रंगू चेष्टा करत नव्हती, चेष्टा तिचीच चालली होती. तिचा नवरा धर्मा तीन दिवसांपूर्वी रेवसहून लाँच धरून मुंबईला गेला होता. कशाला, तर आपलं नाव परत मागायला!

"नाव काय भाऊच्या धक्क्यावर इसरून आला व्हता का गं तो?" सखुबाई म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

हसू येण्यासारखंच होतं ते. धर्मा मुळात होडीवरचा. जत्रेतल्या कुस्तीत त्याने एक नावाजलेला पैलवान उचलून आपटला, ते मुंबईच्या एका कुस्ती कंपनीच्या मॅनेजरने पाहिलं. त्याने धर्माच्या तोंडावर काळा मुखवटा चढवला, हातात शंख दिला आणि नाव ठेवलं 'दर्यासूर'. तीन वर्षं मुंबईची माणसं त्या नावाने ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. मग खांदा निखळला आणि धर्मा घरी आला. आला तो एकटाच आला, नाव तिकडेच राहिलं. अंगठा उठवलेल्या कागदात लिहिलं होतं की नाव, मुखवटा आणि शंख फुंकत रिंगणात उतरायची रीतसुद्धा कंपनीची. गावच्या जत्रेच्या पत्रकात 'दर्यासूर' छापलं, तर वकिलाची नोटीस आली. नुसत्या धर्माची कुस्ती बघायला काळं कुत्रं फिरकलं नाही.

आणि वर्षभरात मुरुडच्या एसटी थांब्यावर चित्र लागलं. तोच मुखवटा, तेच नाव, आत माणूस दुसरा. धर्मा त्या भिंतीपुढे तासन् तास उभा राहू लागला. जेवता जेवता स्वतःचं तोंड चाचपायचा. "रंगू, माझ्या मुंडक्यात कोन बसलाय गं?" असं विचारायचा. जिवंत नवऱ्याचं भूत झालेलं पाहणं सोपं आहे का?

म्हणून तीच म्हणाली होती, "जा एकदा आन् इचारून या."

दुपार व्हायच्या आत रावजी मास्तर एसटीतून उतरला, हातात मुंबईचा पेपर. तो रंगूकडे न येता थेट तिच्या सासूकडे, नीराबाईकडे गेला, तेव्हा रंगू हातातली मासळी टाकून त्याच्या मागे धावली.

"प्रसिद्ध मल्ल दर्यासूर यांचा रिंगणात अंत," मास्तरने वाचलं. "मान मोडून जागीच..."

नीराबाईने छाती पिटून घेतली. रंगूने पेपर ओढून घेतला. वाचता येत नव्हतं, पण फोटो तर दिसत होता. मुखवटा घातलेला एक माणूस, दंड फुगवून उभा.

"ह्यो आमचा मानूस न्हाय!" ती म्हणाली. "ह्यांच्या दंडावर होडीच्या दोराचा, आलाताचा वळ हाय, मनगटाएवढा जाड. हितं कुठं हाय?"

"छपाईत दिसतंय व्हय ते? नाव मागाया गेला, त्ये मिळालं आसंल आन् उतरला आसंल. छापून आलंय, ते खोटं कसं व्हईल?" म्हातारी विठाबाय पुढे सरली. "मेलेल्याचा जीव अडकवू नको, पोरी. हात दे."

कोळणीच्या उजव्या हातात काचेच्या बांगड्या नसतात. लग्नातच त्या दर्याला वाहतात. ह्या तू घे आणि माझा माणूस सांभाळ, असा तो करार. उरतात त्या डाव्या हातच्या. पाचसहा जणींनी रंगूला धरलं आणि डावा हात उंबऱ्यावर आपटला. तेव्हा त्या बाईने वाड्यात कुणी कधी केलं नव्हतं ते केलं. नवऱ्याचं नाव घेऊन ती किंचाळली, "धर्मा जिता हाय! माझा धर्मा जिता हाय!"

बायकांनी कानांवर हात ठेवले. म्हणजे बघा, माणूस मेला याचं कुणाला नवल नव्हतं, बायकोने त्याचं नाव घेतलं याचं केवढं! काचा पडल्या, कुंकू पुसलं गेलं, आणि रंगूला मागच्या पडवीत बसवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना धर्मा चालत आला.

वाड्याची पळापळ झाली. नीराबाईने त्याच्या पायांकडे पाहिलं, उलटे नाहीत ना म्हणून, आणि मग गळ्यात पडून रडली. रंगू पडवीतून उठली नाही. धर्मा तिच्यापुढे बसला. तिचं कपाळ आणि मनगट पाहून त्याला सगळं कळलं.

"मी थितंच व्हतो," तो हळू बोलला. "मुखवटा काढला तवा बघितलं. कवळं पोर गं. तोंड उघडंच. मी कारकुनाला इचारलं, नाव काय याचं? तर म्हनतो, दर्यासूर. त्याच नावानं जाळला त्याला. खरं नाव फोडायचं न्हाय, कंपनीचा कायदा हाय."

रंगूने विचारलं, "त्याच्या घरी कुनी सांगितलं?"



वाड्याने आता तोडगा काढला. चांगला मुहूर्त बघून पुन्हा कुंकू लावू, तोवर रंगूने होडीसमोर की चारचौघांत येऊ नये. म्हणजे नवरा समोर भाकर खातोय आणि बायको विधवा! नीराबाईलाही ते पटेना, पण रीत मोडायची कुणी?

तिसऱ्या दिवशी मॅनेजरची मोटार धुरळा उडवत आली. माणूस गोड बोलणारा. त्याने काळा मुखवटा आणि शंख चटईवर मांडले.

"धर्मा, नाव परत पाहिजे होतं ना तुला? घे, तुझंच आहे. पब्लिकला वाटतंय दर्यासूर मेला. तू उतरलास की छापू, 'दर्यासूर मरणातून उठला!' मुंबई वेडी होईल."

धर्माचा हात मुखवट्याकडे गेला. खोटं कशाला सांगू, गेलाच. दोन वर्षं त्याला स्वप्नात दुसरं काही दिसलं नव्हतं. पडवीच्या दारातून रंगू बघत होती. नवरा तो मुखवटा उचलणार आणि त्या मुखवट्यात मेलेला तो पोरगा कायमचा पुसला जाणार, एवढं तिला लख्ख दिसलं. ज्यांच्यापुढे यायची तिला बंदी होती, त्या सगळ्यांपुढे ती आली.

"सायेब, जो मेला त्याचं नाव सांगा."

"त्याचं काय आता? कागदात..."

"तुमच्या कागदापायी ह्या हातच्या बांगड्या फुटल्या. जिचा मानूस मेला न्हाय तिच्या फुटल्या, आन् जिचा मेला ती अजून वाट बघतीया. नाव सांगा!"

धर्माने हात मागे घेतला. शंख आणि मुखवटा मॅनेजरच्या मांडीवर ठेवून तो म्हणाला, "मला नगं हे. जो मेला, तो तुमचा दर्यासूर मेला. आता उठायचा न्हाय. पन त्याचं नाव घेतल्याबिगर तुमची मोटार हितनं हलायची न्हाय."

दारात वाड्यातली माणसं जमली होती, नीराबाई सर्वांत पुढे. मॅनेजरने घाम पुसला.

"काळूराम," तो पुटपुटला. मग गावही सांगितलं, आणि घरी बायको आहे हेही. हरिहरेश्वरच्या वाटेवरची एक भातशेतीची वाडी.

नीराबाईने सुनेपुढे कुंकवाचा करंडा धरला. "लाव गं. मुहूर्त गेला चुलीत."

"लावीन," रंगू म्हणाली, "पन आधी तिच्याकडं जाऊन येते. न्हायतर पेपर माझ्याकडं आला तसाच तिच्याकडं जाईल, आन् धा जनी तिचा हात धरतील."

दुसऱ्या दिवशी होडीने खाडी ओलांडून नवराबायको त्या वाडीत पोहोचली. अंगणात एक बाई भात पाखडत होती. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले.

"काळूरामाचं घर हेच ना?" रंगूने विचारलं.

"व्हय. ते मुंबईला असतात." ती हसत उठली. मागे वळून सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्यांच्याकडनं मानसं आली!" आणि रंगूला विचारलं, "बरं हाय ना त्यांचं?"

रंगू पुढे झाली. सांगायच्या आधी तिने त्या बाईची दोन्ही मनगटं आपल्या हातांत घट्ट धरली, आणि तिचा टाहो ऐकून शेजारपाजारच्या बायका धावत आल्या तरी सोडली नाहीत.