सीटखालचा संगणक

मी व्हॅनच्या मधल्या सीटखालून बोलतोय. जरा वाकून बघा. जॅक, एक मोडकी छत्री, आणि त्यांच्या शेजारी पत्र्याच्या पेटीत स्क्रूने घट्ट बसवलेला मी. मी संगणक आहे, अगदी खराखुरा. अंगाने लहान म्हणून लोक मला डबा म्हणतात, पण त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्या घरचा संगणक टेबलावर बसून असतो. मी रोज मोशीहून चाकणजवळच्या महाळुंग्याला जातो आणि परत येतो. सांगा बरं, कुणाचा रुबाब जास्त?

माझं पहिलं आयुष्य वाकडच्या एका ऑफिसात गेलं. थंडगार हवा, काचेच्या भिंती, आणि माझ्यासमोर बसून स्वतःच्या फोनमध्ये बघत राहणारी माणसं. मला तिथे कुणी शिव्या दिल्या नाहीत आणि कुणी प्रेमही केलं नाही. एक दिवस नवे संगणक आले आणि आम्हाला पोत्यात भरून भंगारवाल्याकडे पाठवलं. पोत्यात तोंड खाली करून पडलो होतो तेव्हा वाटलं, संपलं आपलं.

पण भंगाराच्या ढिगातून मला बुद्धरत्न यांनी उचललं. पिंपळे सौदागरला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. बोलणं कमी, शिट्टी वाजवणं जास्त. त्यांनी माझी धूळ फुंकली, वायर लावली, मी डोळे उघडले. "जिवंत हाय की गडी," ते म्हणाले. ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण मला गडी म्हणणारा हा पहिला माणूस.

त्यांच्या दुकानात समाधानची व्हॅन नेहमी यायची. समाधान मोशीचाच, जुन्या गावातला. भोसरी आणि मोशीतल्या कामगार बायकांना महाळुंग्याच्या कारखान्यात नेणं-आणणं हा त्याचा धंदा. अशा व्हॅन रस्त्यावर ढिगाने झाल्या होत्या आणि आपल्या गाडीत काहीतरी खास पाहिजे हे त्याच्या डोक्याने घेतलं होतं. त्याला गाडीत थेटर हवं होतं. बुद्धरत्ननी माझ्याकडे बोट दाखवलं आणि माझं नशीब फळफळलं!

काय दिवस होते ते! ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर पडदा बसला, वर एक छोटा कॅमेरा, दारांत स्पीकर, आणि मांडीवर घ्यायला एक कीबोर्ड. मला पेटी मिळाली, पेटीखाली रबराचे पाय मिळाले, म्हणजे खड्ड्यांत माझी हाडं खिळखिळी होऊ नयेत. पहिल्यांदा गाडी हलली तेव्हा मी इतका हरखलो की माझा पंखा उगाचच जोरात फिरायला लागला.

पण खरी गंमत पुढेच होती. गाडीची वीज म्हणजे घरची वीज नव्हे. इंजिन सुरू करताना स्टार्टर असा काही घास घेतो की क्षणभर बाकी सगळे उपाशी राहतात. दिवा मिणमिणतो, आणि मी तर सरळ बेशुद्धच पडायचो. त्यात समाधानला एक खोड. गाडी जरा थांबली की तो गाडीचा सीएनजी गॅस वाचवायला चावी फिरवून इंजिन बंद करायचा. आता वाटेतला चाकणचा तळेगाव चौक ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. गाडी दोन हात पुढे सरकते आणि पुन्हा उभी राहते. बंद, चालू, बंद, चालू. पडद्यावरचा नायक प्रेयसीपर्यंत पोहोचेचना. बायका हसून हसून बेजार, समाधान कपाळाला हात लावून.

शेवटी बुद्धरत्ननी मागच्या सीटखाली माझ्यासाठी वेगळी बॅटरी बसवली. इंजिन चालू असेल तर तिने गाडीकडून वीज घ्यायची, बंद झालं की नातं तोडायचं आणि मला एकट्याला पोसायचं. स्टार्टरने कितीही घास घेतला तरी माझं ताट वेगळं. त्या दिवशी चौकात इंजिन आठ-दहा वेळा बंद झालं असेल, मी एकदाही पापणी लववली नाही. स्वतःची बॅटरी असणं म्हणजे काय, हे भंगारातून आलेल्यालाच कळतं.

मग माझ्या आयुष्यात पूनम आली. परांड्याकडची मुलगी, लग्न होऊन भोसरीत आलेली. कारखान्यात पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. ठेकेदार काही महिने काम देतो, मग ब्रेक देतो म्हणजे घरी बसवतो, मग पुन्हा बोलवेल तेव्हा यायचं. पॅकिंगच्या टेबलावरून तिला काचेपलीकडचं सीएनसी मशिन दिसायचं, आकड्यांच्या हुकमावर लोखंड कातणारं. त्या मशिनवर उभं राहायचं, हे तिच्या मनाने घेतलं होतं. कंपनी वर्षातून एकदा परीक्षा घेऊन पॅकिंगमधल्या काही जणांना ऑपरेटर म्हणून शिकायला घ्यायची. पास झालं की ठेकेदार नाही आणि ब्रेकही नाही.

एक दिवस जाममध्ये तिने हळूच विचारलं, "दादा, ह्याच्यावर नुसती गाणीच लागत्यात का?"

समाधान जरा दुखावला. पण दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमधून मिळालेला सीएनसीचा सराव तिने माझ्यात घालून घेतला. पडद्यावर खोटं मशिन, पण वागणं खऱ्यासारखं. प्रोग्रॅममध्ये एक आकडा चुकला की टूल धाडकन जॉबवर, म्हणजे कातायच्या लोखंडावर आदळायचं आणि सगळ्या बायका "आई गं!" म्हणून मागे सरकायच्या. मला काय सांगू किती आनंद झाला! ऑफिसात माझ्याकडून याद्या करून घेतल्या, इथे माझ्यात लोखंड कातलं जात होतं. थेटर बंद पडलं ते कायमचं. पूनम चुकायची, ओठ चावायची, पुन्हा करायची. शेजारी छबूबाई बसायच्या. औशाच्या, वयाने सगळ्यांत मोठ्या, गुडघ्यांनी बेजार. त्या शनिवारी माझ्याच कॅमेऱ्यावर गावच्या नातवाशी बोलायच्या आणि बाकीचे दिवस पूनमची चूक तिच्याआधी हेरायचा प्रयत्न करायच्या.

परीक्षा लागली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. महाळुंग्याच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये बसून द्यायची होती.

आणि दसऱ्याला काय झालं ते ऐका. खंडेनवमीला कारखान्यांत मशिनं पुजली गेली, दसऱ्याला दारोदारी गाड्या. समाधानने व्हॅन धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, मलाही हळदकुंकू लागलं. फुलाची एक पाकळी तर माझ्या पंख्यात गेली. मग त्याने मला गाणी लावायला सांगितलं. गाडी अंगणात उभी, इंजिन बंद, आणि मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अख्ख्या आळीला गाणी ऐकवतोय! लोक येत होते, आपट्याची पानं देत होते, माझं कौतुक करत होते. मीही चढून गेलो. माझी बॅटरी तळाला चाललीय हे मला कळत होतं, पण कौतुकापुढे कोण गप्प बसतो? गाडीची बॅटरी वेगळी असल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन एका झटक्यात सुरू झाली, त्यामुळे समाधानला शंकाही आली नाही. सणामुळे पंपावर रांग होती म्हणून त्याने गॅसही भरला नव्हता.

सुट्टीनंतरचा दिवस. सगळं चाकण एकदम रस्त्यावर आलं होतं. तळेगाव चौकाच्या अलीकडे आम्ही असे अडकलो की पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि बाजूला बस. परीक्षेची वेळ जवळ येत होती. चालत जाण्यासारखं अंतर नव्हतं. पूनमच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सेंटरमधल्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, लिंक बाहेरूनही उघडते, पण मोबाइलवर चालणार नाही, कॅमेऱ्याचा संगणक हवा. कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसलं की परीक्षा बंद. आणि मध्येच तुटली तर पुन्हा उघडणार नाही.

मग सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. म्हणजे माझ्याकडे!

बायका भराभर उतरल्या आणि डबे घेऊन दुभाजकावर उभ्या राहिल्या. छबूबाईंना गुडघ्यांमुळे उतरवेना, म्हणून त्या मागच्या सीटवर आडव्या झाल्या आणि पदर तोंडावर घेतला. समाधानने आपल्या फोनचं नेट जोडलं. पूनमने हात जोडले, मला की देवाला ते कळलं नाही, आणि सुरुवात केली. तेवढ्यात माझ्या पेटीवरचा, बॅटरी तळाला गेल्याचा लाल दिवा लागला.

समाधानने तो आरशात पाहिला आणि त्याला अंगणातली गाणी आठवली असावीत. आयुष्यभर गाडी थांबताच चावी फिरवणारा माणूस तो. त्या दिवशी त्याने चावीवरचा हात काढून मांडीखाली दाबून धरला. इंजिन चालू राहिलं, मला वीज मिळत राहिली. गॅसचा काटा खाली जाताना मी त्याचा चेहरा बघत होतो. हॉर्नसुद्धा वाजवला नाही पठ्ठ्याने. चाकणच्या जाममध्ये हॉर्न न वाजवणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदाच पाहिला.

पूनम प्रश्नामागून प्रश्न सोडवत होती. शेवटी एक लोखंडी दांडा कातायचा प्रोग्रॅम लिहायचा होता, आणि तो अर्ध्यावर असताना इंजिनने आचका दिला. गॅस संपला. पेट्रोलची टाकी तर कायमची कोरडी. आता फक्त माझी ती दमलेली बॅटरी. आणि नेमका तेव्हाच पुढचा कंटेनर हलला! सकाळपासून न सुटलेला जाम त्या क्षणी सुटला. मागून हॉर्नचा असा कल्लोळ उठला की काचा थरथरल्या.

पूनम उठायला लागली. समाधान खाली उतरत म्हणाला, "तू बस. आमी बघतो गाडीचं. तू फक्त आकडे बघ."

दुभाजकावरच्या बायका धावल्या. डबे छतावर ठेवले, पदर खोचले आणि कॅमेऱ्यात डोकी दिसू नयेत म्हणून वाकून व्हॅनला खांदे लावले. मागच्या कंटेनरचा ड्रायव्हर शिव्या द्यायला उतरला होता, तोही ढकलायला लागला. गाडी हलत होती, पडदा डुलत होता, पूनमची बोटं चालत होती. मी पंखा मंद केला, पडदा अंधुक केला, होतं नव्हतं ते सगळं तिच्या आकड्यांसाठी राखून ठेवलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका जीव लावून कधी काम केलं नाही. तिने शेवटची ओळ लिहिली, पुन्हा एकदा वाचली, बटण दाबलं, आणि दार उघडून स्वतःच ढकलायला पळाली. बसून राहणं तिला शक्यच नव्हतं.

आणि निकाल आला. माझ्या पडद्यावर, रिकाम्या सीटसमोर. सगळे बाहेर गाडीला भिडलेले, आणि मला ओरडता येत नाही! बॅटरी कोणत्याही क्षणी जाणार.

मागच्या सीटवरून पदर हलला. छबूबाई कण्हत उठल्या, पुढे झुकल्या आणि पडदा वाचायला लागल्या. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी अगदी वरून, पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. परीक्षेचं नाव. सेंटरचं नाव. सूचना. अहो मावशी, खाली बघा, खाली! मी मनातल्या मनात किंचाळत होतो. त्यांनी एकही अक्षर सोडलं नाही. बोट ठेवत ठेवत त्या खालच्या ओळीवर आल्या, थांबल्या, पुन्हा वाचलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पूनम, ढकलू नको आता. तू उत्तीर्ण झालीस."

माझी बॅटरी तिथेच संपली. त्यामुळे पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. पण छबूबाई सांगतात, गाडी एकदम थांबली आणि मग बाहेर असा हलकल्लोळ उठला की मागचे हॉर्नही गप्प झाले.

आता पूनम मशिनवर असते. ऑपरेटरना कंपनीची बस असल्याने ती आमच्या गाडीत येत नाही. पहिले काही दिवस मला करमलं नाही, खोटं कशाला बोलू. समाधान आता गॅस भरून निघतो आणि थांबलं की पुन्हा चावी फिरवतो. तिच्या जागेवर छबूबाई बसतात. या वयात त्यांना कुणी परीक्षेला बसू देणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. समाधानने विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मला कुठं मशिन चालवायचंय? पण काय असतंय ते कळू तर दे की."

त्या एक बोट वापरून एकेक आकडा दाबतात. टूल धाडकन आदळतं, त्या स्वतःच "आई गं" म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. कधीतरी चौकात कंपनीची बस आमच्या शेजारी येऊन उभी राहते. उंच खिडकीतून पूनम माझ्या पडद्यावर डोळे लावते आणि छबूबाईंचा आकडा चुकला की काचेवर टकटक करून बोटांनी बरोबर आकडा दाखवते.

त्या चौकात सगळ्यांना पुढे जायची घाई असते. तुम्हालाही असेल. पण पुढची व्हॅन हलायला जरा वेळ लागला, तर एवढं करा, लगेच हॉर्न वाजवू नका. छबूबाईंची ओळ अर्धी राहिलीय.