दुलात आगांची स्क्रिप्ट

दुलात आगांचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. वयाने मोठे म्हणून आगा म्हणायचं, एवढाच काय तो मान.

अल्माटीच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांचा कोड जोडून चालतं सॉफ्टवेअर बनवतात, त्याला बिल्ड म्हणतात. तो कसा करायचा त्याच्या सेटिंग आगांनी नऊ वर्षांपूर्वी स्क्रिप्टमध्ये लिहिल्या. साधी यादी नाही, 'असं असेल तर तसं कर' असा प्रोग्रामच, चौदाशे ओळींचा. माझा बिल्ड दर दोन दिवसांनी तासभर रखडून कोसळायचा. बाकी कुणाचा नाही. नोकरीत मला ठेवायचं की काढायचं, ते या शुक्रवारी ठरणार होतं.

शुक्रवारीच आमच्या प्रमुख शोल्पान आपकेंनी (आपके म्हणजे ताई) बैठक बोलावली. नव्या बिल्डच्या सेटिंग स्क्रिप्टमध्ये ठेवायच्या की साध्या यादीत?

"यादीत," मी म्हणाले. "कुणालाही वाचता येईल."

"ऐका!" आगा हसले. "हिला स्वतःचा बिल्ड जमत नाही, आणि ही आम्हाला वाचायला शिकवणार. झानिल, तू चहा ओत. तेवढं तरी धड येतं का बघू."

सगळ्यांत लहान मीच, म्हणून किटली माझ्याकडे. मानाच्या माणसाला प्याला अर्धाच द्यायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. तीनदा ओतला. तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे न बघता घेतला.

"यादीला अक्कल नसते," ते म्हणाले. "माझी स्क्रिप्ट विचार करते."

"काय विचार करते ते सापडलं मला." मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. यादी करायची म्हणून दोन आठवडे मी एकेक ओळ वाचत होते. नऊशे बाराव्या ओळीत लिहिलं होतं, कॉम्प्युटरचं नाव झानिल असेल तर दर दोन दिवसांनी जुन्या, मोडक्या सेटिंग घे. तारीख मी रुजू झाले त्या आठवड्यातली.

"चाचणीसाठी टाकली असेल. राहून गेली."

"सहा महिने?"

"अगं, गंमत गं! नव्यांनी जरा सोसावं. आम्ही नाही सोसलं?"

"यादीत ही गंमत कुठे लिहाल, आगा? जागा दाखवा."

"झानिल," आपके म्हणाल्या, "मोठ्यांशी असं बोलतात? चहा दे त्यांना."

माझं डोकं फिरलं. मी आगांचा प्याला घेतला आणि काठोकाठ भरला, बशीत सांडेपर्यंत. आमच्याकडे भरलेला प्याला देतात तो नकोशा पाहुण्याला. प्या आणि उठा.

आगा लालबुंद झाले. "शोल्पान, बघतेयस ना? हिला आजच्या आज घरी पाठव!"

आपकेंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. त्यांनी ती ओळ वाचली. मग माझ्या हातातून किटली घेतली आणि माझ्या प्याल्यात ओतू लागल्या. मोठ्यांनी लहानाला चहा ओतलेला मी कधी पाहिला नव्हता. माझी नजर प्याल्यावरून हटेना. पाव झाला, अर्धा झाला.

आपकेंनी हात थांबवला.

"सोमवारी यादी लावून टाक," त्या म्हणाल्या.