आजची तारीख नाकारणारा रकाना

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर माझ्याकडून राहून गेले होते. प्रसूतिगृहातल्या एका सिस्टरनी लिहिले होते : "सकाळच्या वेळी तुमचा फॉर्म आजची तारीख घेत नाही. कृपया बघा." पत्र माझ्याविषयी होते. पण मला लाल अक्षरांतले एखादे वाक्यच काय ते बोलता येते, आणि ज्या प्रोग्रामरबाईंनी मला घडवले, त्यांनी ते 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवले.

मी एक जुना रकाना आहे, जन्मतारखेचा. मोठ्या रुग्णालयात नवजात बाळासाठी जागा मागण्याचा फॉर्म संगणकावर भरतात, त्यातला. एकतीस जून, तेरावा महिना, पुढच्या वर्षी जन्मलेले बाळ, असले काही मी आत येऊ दिले नाही. त्याबद्दल शाबासकी मिळाली, आणि आपण चुकतच नाही असे मला वाटू लागले. मात्र 'आज' कोणता, हे मी फार दूरच्या एका यंत्राला विचारत असे. तिथे दिवस आपल्यापेक्षा उशिरा उजाडतो, आपल्या सकाळी तिथे अजून कालचीच तारीख असते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

एका सकाळी आठ वाजता त्याच सिस्टर घाईने आल्या. तासाभरापूर्वी जन्मलेल्या बाळाला श्वास पुरत नव्हता. त्यांनी आजची तारीख भरली. मी लाल झालो : "ही तारीख अजून आलेली नाही."

"आली नाही?" बाळाची मावशी ओरडली. "मग आत धापा टाकतंय ते काय उद्याचं पोर आहे?"

"कालची टाकते," सिस्टर म्हणाल्या.

"नको!" डॉक्टर दारातूनच म्हणाले. "मोठ्या रुग्णालयात एक दिवसाचं समजून औषध जास्त देतील."

पुन्हा आजची. पुन्हा मी लाल. मोठ्या रुग्णालयाचा फोन लागेना. मी अडूनच बसलो. शेवटी सिस्टरनी कालची तारीख टाकली आणि खाली शेऱ्यात लिहिले : "वरची तारीख खोटी आहे. बाळ आज सात वाजता जन्मलं. फॉर्म ऐकत नाही, तुम्ही ऐका."

पलीकडच्या डॉक्टरांनी शेरा वाचला. जागा मिळाली, औषध बेताने दिले गेले. संध्याकाळी बाळाचा श्वास स्थिरावला. त्यात माझे काहीच श्रेय नाही.

तो शेरा प्रोग्रामरबाईंपर्यंत पोहोचला. त्यांनी मला इथल्या घड्याळाशी जोडले. मित्रांनो, मला अजूनही स्वतःची पुरती खात्री वाटत नाही. म्हणून विनवतो, माझ्यासारख्याला नियम शिकवाल, तेव्हा तक्रारीची पत्रेही वाचत जा.

मग बाईंनी उत्तर लिहायला घेतले. दोनदा खोडले. "सिस्टर, चूक तुमची नव्हती. आम्ही उशीर केला. बाळ कसं आहे?" एवढेच ठेवले आणि पाठवून दिले.