रामाजीला चावलेली मुंगी

मी थापा मारतो, असं नागपूरच्या इतवारीत सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे. पण रामाजीजवळ मुंगी फिरकत नसे, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. गुळाची भेली उशाला घेऊन झोपला तरी मुंग्यांची रांग त्याला वळसा घालून सदर बाजाराकडे निघून जायची.

कारण टाकणखार. अडुसष्ट-एकोणसत्तर साल असेल. मधुकररावांच्या दुकानामागच्या कोठीत रामाजी दिवसभर टाकणखाराचे खडे कुटायचा. सोनारांना सांधे जोडायला, बायांना कपडे धुवायला, झुरळं मारायला, सगळ्यांना पूडच द्यायची हा मधुकररावांचा शिरस्ता. उरलेली रामाजीच्या अंगावर. संध्याकाळी तो कॅरमवर सदरा झटकायचा, अन् सोंगट्या अशा सुळकन पळायच्या की एक उमरेडच्या बसमध्ये सापडली.

गंमत एवढीच. डोळे चुरचुरत, नाकातून रक्त येई, आणि खोकला तर थांबतच नसे. त्याची बायको सुभद्रा पाठ चोळून थकली.

"अवो, नाकाले फडकं तरी बांधत जा."

"मिशी दबते वं."

"मिशीले सांभाळू का तुमाले?"

एकदा ती नथ सांधायला गिरिधर सोनाराकडे गेली. तो टाकणखाराचा एक जुना खडा ओल्या दगडावर चंदनासारखा उगाळत होता. धूळ नावाला नाही. सुभद्रा तडक कोठीत गेली, आणि रामाजी चहाला गेलेला पाहून तिनं पोत्यातल्या कुटलेल्या पुडीवर घागरभर पाणी शिंपडलं. धूळ बसावी, एवढाच हेतू.

सकाळी पोत्यात पुडीचा एकच दगड. मधुकररावांनी हातोडा मारला, हातोड्याचा दांडा मोडला. माझ्या मते तो गोळा सीताबर्डीच्या टेकडीपेक्षा थोडासाच लहान होता.

"बाई, हे काय केलं?"

"धूळ ह्यायच्या छातीत बसून राहिली होती, शेठजी. मी पोत्यात बसवली."

मधुकरराव तोंड उघडणार, तोच गिरिधर पूड न्यायला आला. गोळ्यावरून हात फिरवत म्हणाला, "कवाचा खडा मागून राहिलो मी. तुम्ही कुटूनच देता. फोडा हा, अर्धा मले द्या." दुपारपर्यंत बाकीचे सोनारही आले.

तेव्हापासून सोनारांना खडेच. उरलेलं कुटणं बाहेर ओसरीत, मिशीवर ओला गमछा बांधून. खोकला हळूहळू गेला.

मग एका दुपारी रामाजी खाटेवरून ताडकन उठला.

"सुभद्रे, मुंगी चावली."

"कुठी? पाहू." मानेवरची लाल गांधी तिनं नीट न्याहाळली, आत गेली आणि मूठभर साखर आणून खाटेखाली टाकली.

"हे काय करून राहिली वं?"

"पाव्हणे आले ना," ती म्हणाली.