अर्ध्याच अटी

"ही माती इथे उतरवायची नाही," कार्यालयाचा मॅनेजर म्हणाला आणि टेम्पोच्या फळीला आडवा उभा राहिला.

टेम्पोत मातीच्या पाट्या होत्या, शेणाची बादली होती आणि निर्मळ गावच्या आठ-नऊ बायका होत्या. नालासोपाऱ्यापासून चालू असलेलं त्यांचं गाणं एकदम थांबलं.

लग्नाच्या चुली आधीपासून घालाव्या लागतात. सावलीत सावकाश वाळल्या तर तडकत नाहीत. निर्मळला हे काम बायका गाणी म्हणत करतात, आणि ज्या जागी लग्न त्याच जागी करतात. विमलाचं लग्न विरारच्या कार्यालयात, म्हणून चुलीही विरारला. यात वेगळं काही आहे असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. विमलाचा बाप तुळशीदास याच्या तर नाहीच नाही. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आला होता आणि आता मॅनेजरला नमस्कार करत होता.

"मागच्या अंगणात घालतो ना," तो म्हणाला. "कोपऱ्यात."

"काका, इथे चूल चालत नाही. जेवण आमचाच कंत्राटदार करणार. गॅसवर. बाहेरचा आचारी नाही, बाहेरचं सामान नाही. आणि तुमच्या लग्नाआधी इथे दुसरी दोन लग्नं आहेत."

"मग त्यांनी पण शिजवावं आमच्या चुलींवर," द्वारका टेम्पोतून म्हणाली. "आम्ही काय नाय म्हणतो?" द्वारका तुळशीदासची थोरली बहीण. अख्ख्या गावाची लग्नं तिनं उरकली होती.

"आजी, रूल म्हणजे रूल."

"आजी कोणाला म्हणतो रे? तुझ्या लग्नात तुझ्या आईनं गावाला बिस्किटं वाटली काय?"

"माझं लग्न नाही झालं अजून."

"होणार पण नाय, या जिभेनं."

बायका हसल्या. मॅनेजर तिशीचा होता. त्याचे कान लाल झाले. तुळशीदासनं हळूच विचारलं, "केळीचे खांब तरी दाराला बांधू ना?"

"केळ नाही. चिकाचे डाग पडतात फरशीवर, निघत नाहीत."

हे मात्र खरं होतं. तुळशीदासचे सगळे शर्ट त्याला साक्ष होते. पण केळीच्या वाडीवाल्याच्या मुलीचं लग्न आणि दाराला केळ नाही? मग एकेक करत बाकीचंही बाहेर आलं. केळीच्या पानावर जेवण नाही, स्टीलची ताटं. बँड फाटकापर्यंत. दोन वाजले की हॉल रिकामा.

"हे पैसे भरले तेव्हा का नाही सांगितलं?" तुळशीदासनं विचारलं.

"तुम्ही विचारलं नाही."

"मग आमचे पैसे परत द्या."

"डिपॉझिट परत मिळत नाही," मॅनेजर म्हणाला. "तोही रूलच आहे."

टेम्पो ऑगस्टीनचा. तो तुळशीदासच्या शेजारचा, रोज पहाटे त्याची केळी बाजारात नेणारा. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "काका, माती परत नेऊ, की इथंच ओतू यांच्या पायावर?"

माती परत नेली.

*

कार्यालय घ्यायचं तुळशीदासनं एकट्यानं ठरवलं होतं. त्याची बायको यशोदा जाऊन वर्ष झालं होतं. घरात बाईमाणूस नाही, मांडव घातला तर सांभाळणार कोण, म्हणून तो स्वतः विरारला गेला, पाचशे रुपये भरले आणि मोठं काम केल्यासारखा परत आला. तोपर्यंत, फुलांची टोपली सोडली तर, व्यवहार म्हणून त्यानं काही केलेलंच नव्हतं. केळी तो लावायचा, विकायची यशोदा. बाजारात व्यापाऱ्याशी ती बोलायची आणि तो मागे घड धरून उभा राहायचा. लोक त्याला गमतीनं यशोदेचा हमाल म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं.

आता त्या पाचशेवर सगळं अडलं होतं. घरी मांडव घालायचा तर बांबू, कापड, तांदूळ, तेल, सगळं त्यातूनच यायचं होतं. दुसरे पैसे नव्हते. पत्रिका छापखान्यातच थांबवल्या. नवऱ्या मुलाच्या वडिलांकडे तुळशीदास भीतभीतच गेला. मुलगा सातिवलीच्या कारखान्यात फिटर, घर विरारला.

"कार्यालय आम्ही कुठे मागितलं होतं?" व्याही म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुमचीच हौस. तुमच्या वाडीत लग्न म्हटल्यावर आमची मंडळी उड्या मारतील."

म्हणजे कार्यालय घेतलं तेही फुकटच.

"यशोदा असती तर त्या मॅनेजरला..." द्वारका बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "जाऊ दे. गेले समजायचे. भाऊबंदांकडून उचलू."

"उद्या जाऊन येतो," तुळशीदास म्हणाला.

"तू? जाऊन करशील काय?"

"बसेन."

*

सकाळी सोनचाफ्याची टोपली सायकलला बांधून तो विरारला जायचाच. फुलं विकून झाली की तो फुलपाड्याच्या रस्त्यानं कार्यालयात गेला आणि ऑफिसातल्या बाकावर बसला. उरलेली दोन फुलं त्यानं मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

"शेठ नाहीत," मॅनेजर म्हणाला.

"येतील तेव्हा येतील."

थोड्या वेळानं एक नवरा-बायको मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला आले. मॅनेजरनं पंखे लावून दाखवले, माईकवर फुंकर मारून दाखवली. ते परत ऑफिसात येऊन बसले, तसा तुळशीदासनं सहज विचारलं, कारण शेजारी बसलेल्या माणसाशी न बोलणं बरं दिसत नाही, "मुलीचं काय? माझ्याही मुलीचंच. बँड सांगितलात का?"

"सांगितला की. पालघरचा."

"फाटकापर्यंतच हां. आत चालत नाही."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

"आणि जेवण यांचंच. तुमचा आचारी असेल तर त्याला नाही सांगा आत्ताच. दोनला उठायचं. पंगत उशिरा बसली तर पंचाईत. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून म्हटलं."

"हो का हो?" गृहस्थांनी मॅनेजरला विचारलं.

"तसं नाही, म्हणजे आहे, पण..."

"घरी विचारून येतो," म्हणून दोघं उठले. ते काही परत आले नाहीत.

पहिल्या दिवशी तुळशीदासच्या मनात खरोखर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी थोडं होतं. तिसऱ्या दिवशी तो टोपली लवकर रिकामी व्हावी म्हणून फुलं पैसा कमी करून विकू लागला. उभ्या जन्मात तो एवढं बोलला नव्हता. मुंजीवाले आले, त्यांना होम पत्र्याच्या ट्रेमध्ये करावा लागेल हे सांगितलं. ही अट त्यालाही आदल्याच दिवशी कळली होती. एका म्हाताऱ्याला साठीशांत करायची होती. त्याला सगळं सांगून झाल्यावर तुळशीदास त्याच्याबरोबर रिक्षा शोधायलाही गेला. कोणाशी आवाज चढवला नाही. रोज टेबलावर दोन चाफे ठेवले, त्यामुळे मॅनेजरलाही ओरडता येईना.

"काका, माझी नोकरी घालवाल तुम्ही," तो एक दिवस काकुळतीला आला.

"मग तूच सांग ना त्यांना. मी गप्प बसतो."

"मी सांगितलं तर बुक कोण करेल?"

"तेच तर मी म्हणतो," तुळशीदास म्हणाला.

मॅनेजरनं डोक्याला हात लावला. मग दोन चहा मागवले.

आठवडा संपायच्या आत शेठ आले. जाडजूड, हसरे, हातात स्कूटरची किल्ली. त्यांना सगळं कळलेलं दिसत होतं.

"तो फुलवाला तुम्हीच का?"

"केळीवाला. फुलं थोडीच."

"काय पाहिजे तुम्हाला?"

"पैसे. नाही तर चूल, केळीचे खांब आणि पानावर जेवण. तुम्हाला काय परवडेल ते."

"हे बघा, कायद्यानं एक पैसा निघत नाही," शेठ म्हणाले. "पण मुलीचं लग्न आहे. अर्धे घ्या आणि विषय मिटवा. देख लो."

व्यापारी अर्ध्यावर आला की यशोदा एक शब्द बोलायची नाही, घड उचलून परत डोक्यावर ठेवायची. इथे डोक्यावर ठेवायला काही नव्हतं. तेवढ्यात दारात कोणीतरी चपला काढल्या. चार-पाच माणसांचं कुटुंब हॉल बघायला आलं होतं. तुळशीदासनं बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

"चालेल," तो शेठना म्हणाला. "अर्धे द्या. मग मी अर्ध्याच अटी सांगेन."

शेठ एवढ्या मोठ्यानं हसले की किल्ली हातातून पडली. मॅनेजरनं टेबलाखाली वाकून ती शोधायला बराच वेळ घेतला. तोही हसत असावा.

"दे रे, पूर्ण दे यांना," शेठ म्हणाले. "आणि काका, उद्यापासून फुलं दुसरीकडे विका."

*

ही हकिगत तुळशीदासच्या आधी निर्मळला पोचली, कारण वाटेत ऑगस्टीन भेटला होता. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्यानं ती सांगितली. देवळाच्या तळ्यावर बायकांनी सांगितली. प्रत्येक जण शेठचा आवाज वेगळा काढायचा. द्वारकेनं तर भावाला समोर उभा करून विचारलं, "तू बोललास? तू?" आणि डोळ्यांना पदर लावून हसली.

बांबू आले, कापड सांगितलं. पत्रिकेत पत्ता बदलून घेतला. त्याच मातीच्या चुली विहिरीजवळच्या सावलीत घातल्या. विमलानं दाराला लावायच्या केळी वाडीत स्वतः हिंडून निवडल्या. "बाबा, ही नको, हिला अजून घड यायचाय," असं म्हणत एकेक सोडत गेली.

सगळं जमत आलं तेव्हा एका संध्याकाळी द्वारका पायरीवर येऊन बसली.

"एक राहिलं," ती म्हणाली. "कन्यादानाला पाटावर जोडपं लागतं. तू एकटा बसून चालायचं नाय."

"हो."

"आत्माराम आणि त्याची बायको बसतील. भाऊ आहे तुझा, नाय म्हणणार नाय. पण तू जाऊन सांगायला पायजे. मानाचं असतं ते."

"सांगतो."

"कधी?"

"आत्ताच जातो."

आत्मारामचं घर विहिरीच्या पलीकडे. तो अंगणात पंपाचा पट्टा सारखा करत बसला होता. त्याची बायको चहा टाकायला आत गेली. दोघे भाऊ पंपाबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले. मग आत्माराम म्हणाला, "दादा, ती अर्ध्या अटींची गोष्ट सांग ना. तुझ्या तोंडून ऐकली नाय मी."

तुळशीदासनं सांगितली. पहिल्या नवरा-बायकोपासून किल्ली पडेपर्यंत सगळी. आत्माराम मांडीवर थाप मारून हसला. "आता हिला पण सांग," तो म्हणाला, म्हणून ती चहा घेऊन आल्यावर तुळशीदासनं पुन्हा सांगितली. दुसऱ्यांदा आणखी चांगली जमली. चहा संपला. अंधार पडला. आत्मारामनं कंदील घेऊन त्याला विहिरीपर्यंत सोडलं.

"काही काम होतं काय दादा?"

"नाही रे. सहज."

तो घरी आला. लग्न पुढच्या आठवड्यात होतं आणि आत्मारामला सांगायचं अजून राहिलं होतं.